पायांची कैची

आई पडली तो मंगळवार होता. ती अण्णांच्या अंगणात उभी होती. हातात तांब्या होता. ओट्यावर पाहुणे होते. आई खाली बसली. वैनी म्हणाल्या, “उभी रहा गो, पाहुणे बघतात.” आई उठली. आई परत बसली. वैनी परत म्हणाल्या. आई परत उठली. मग ती पडली. डोकं पायरीवर आपटलं. त्यानंतर ती बोलली नाही.

एवढंच झालं. हे एवढंच मला इतके महिने लिहिता येत नव्हतं. लिहायला बसले की टेबलाखाली पाय हलायला लागतात. उठते. खिडकीपर्यंत जाते. परत येते. मी शहापूरला एका शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तकं लावायची, फाटलेली चिकटवायची, मुलं मागतील ते काढून द्यायचं. दिवसभरात फार बोलावं लागत नाही आणि मलाही ते बरं वाटतं. पण हे मलाच लिहावं लागणार. अण्णांच्या घरातलं कुणी लिहिणार नाही.

आमची वाडी मुरबाडकडे, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही ठाकर. वाडीतून खाली उतरलं की गाव लागतं. गावात शेतकऱ्यांची घरं आणि त्यातलं सगळ्यात मोठं अण्णांचं. भात लावायला आम्ही, कापायला आम्ही, झोडायला आम्ही. ते कणगीत पडलं की त्यांचं. आई लग्न होऊन वाडीत आली तेव्हापासून अण्णांकडे राबत होती. शेतावर आणि घरातही.

अण्णांच्या घराला पुढच्या अंगाने दगडी ओटा आहे. वाडीतल्या माणसाने त्या ओट्यावर चढायचं नाही, असं कुणी तोंडाने सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. सांगायची गरजच पडत नसे. वाडीतलं पोर चालायला लागलं आणि पायरीपाशी पोचलं की त्याची आईच त्याला मागे ओढते. तिथे त्याला कळतं. अंगणात उकिडवं बसलेलं चालायचं, पण घरचीच माणसं असली तर. ओट्यावर पाहुणे आले की आम्ही उभं राहायचं. पाय जुळवून, हात पुढे बांधून. पाहुण्यांना उकिडवी बसलेली माणसं दिसली तर घराचं बरं दिसत नाही म्हणे.

मी उभं राहण्याबद्दलच लिहिते आहे. आमच्या घराचं सगळं उभं राहण्यातच गेलं.

आठवीत असताना गावच्या हायस्कुलात नव्या खोल्यांचं उद्घाटन होतं. आम्हाला सकाळपासून मैदानात रांगेत उभं केलेलं. पाहुण्यांची गाडी कल्याणहून निघाली, मुरबाडला पोचली, आता येईल, असं सर सांगत होते. ऊन वर चढत होतं. आधी मला जांभई आली. मग दुसरी. मग कान दडपले. सरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. तळहात गार. पुढच्या मुलीच्या वेणीभोवती अंधार झाला, मग वेणीही अंधारात गेली.

डोळे उघडले तेव्हा नाकाला चप्पल होती.

पी.टी.च्या सरांची चप्पल. तळवा माझ्याकडे. तळव्याला शेण आणि मैदानातली लाल माती. “हुंग. जोरात हुंग.” दोन मुलींनी मला काखेत धरून उभं केलेलं. मान सावरत नव्हती, म्हणून तिसरीने वेणी धरून डोकं वर ओढलेलं. अण्णा शाळेच्या कमिटीवर होते. स्टेजवर होते. समोर माइक होता.

“वाडीची हाय का रे ती?” अण्णांनी माइकवरून विचारलं. “मंग काय नाय. सकाळी मोहाची घेऊन आली आसंल.”

सगळं मैदान हसलं. सर हसले. मला धरणाऱ्या मुली हसल्या, तेव्हा त्यांच्या हसण्याने मी हलत होते.

मला मोहाच्या दारूचा वास माहीत होता, चव नव्हती. सकाळी मी भाकरी खाऊन आले होते. हे मला सांगता आलं असतं. मी काय म्हणाले ते मला पक्कं आठवतं. चप्पल नाकाला असतानाच मी म्हणाले, “सॉरी सर.”

त्या दिवसापासून माझं नाव बदललं. “ए चक्कर, डबा खाल्लास का? नायतर पडशील गो.” दहावी होईपर्यंत मी चक्करच होते. प्रार्थनेला माझ्या मागे कुणी उभं राहायचं नाही. पडले तर अंगावर पडेन म्हणून.

घरी आई म्हणाली, “आपल्यात हायच ती. तुझ्या आजीला पन व्हती. मला पन व्हते.” भगताने दोरा बांधला. वारं लागलंय म्हणाला. मी मान खाली घालून दोरा बांधून घेतला. शाळेत ती चप्पल होती, घरी हा दोरा. पडायच्या आधी तुला काय होतं, हे मला दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.

ते विचारणारं पहिलं माणूस मला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात भेटलं. तेव्हा मी नोकरीला नवीन होते. एका निरोप समारंभात भाषणं चालली होती, मी भिंतीशी उभी होते आणि पडले. शिपाईमामांनी रिक्षात घालून नेलं. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या.

“पडायच्या आधी काय होतं तुला?”

“जांभई येते. कान बंद होतात. हात गार पडतात. मग बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं.”

“मग चांगलं आहे की. शरीर तुला आधी सांगतं. तेवढा वेळ तुझ्या हातात असतो.”

त्यांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. आडवं असताना बीपी घेतलं, उभं करून परत घेतलं. हृदय ठीक आहे म्हणाल्या. पळताना पडलीस, किंवा छातीत धडधडून पडलीस, तर ते वेगळं, मग थांबायचं नाही, लगेच यायचं. तुझं तसं नाही. उभं राहिलं की तुझं रक्त पायांत उतरून तिथेच रेंगाळतं. डोक्याला कमी पडतं. ते पायांतून वर ढकलायचं, एवढंच काम.

मग त्या टेबलामागून बाहेर आल्या. पांढऱ्या कोटात, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि एक पाय दुसऱ्यावरून पलीकडे टाकला.

“ही पायांची कैची. कर. आता मांड्या एकमेकींवर आवळ. पोटऱ्या आवळ. ढुंगण, पोट, सगळं आवळ. लाजू नकोस. श्वास मात्र कोंडायचा नाही. आता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकव आणि ओढ. दोन बायका भांडताना एकच हंडा ओढतात ना, तसं.”

मी ओढलं. हसूही आलं.

“याने नाही भागलं तर लगेच खाली बस. उकिडवी. आपल्या बायकांना ते जमतं, ते चांगलंच आहे. आणि जागा असेल तर सरळ आडवी हो, पाय वर टेकव, डोक्यापेक्षा वर. कोण काय म्हणेल ते बघत बसायचं नाही. उठताना घाई नाही. घाईत उठलं की माणूस परत पडतं. आणि दुसरं कुणी पडलं तर त्याला उभं करायचं नाही, खुर्चीत कोंबायचं नाही. आडवंच ठेवायचं.”

मी त्यांना चपलेचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

“चपलेने काही होत नाही. माणूस आडवं पडलं की रक्त आपोआप डोक्याकडे जातं, ते आपोआप शुद्धीवर येतं. नाव चपलेचं होतं.”

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसून राहिले. इतकं सोपं होतं तर. माझं मैदान, माझं नाव, ती सगळी वर्षं. कुणी एकानेही म्हटलं असतं, बस गो खाली, तर यातलं काही झालं नसतं.

रविवारी वाडीत जाऊन मी आईला शिकवलं. ती चुलीपुढे होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझी डॉक्टरीन खाली बसायला शिकवते? नि त्याला एवढी शिकली?”

मी तिला उभं केलं. पायांची कैची करून दाखवली. तिने केली, तोल गेला, माझ्या खांद्याला धरलं आणि पोट धरून हसली. “पायात पाय आडकून पडंन गो मी. त्यापेक्षा चक्कर बरी.” मग परत केली. नीट जमली. लुगड्यातून तिच्या पोटऱ्या घट्ट झालेल्या दिसल्या. आयुष्यभर चिखलात चाललेल्या पोटऱ्या.

मग तिने एकदम पाय सोडले.

“असा पायावर पाय टाकून उभा रायला आमी शेठ हाव का? अण्णांच्या दारात असी उभी रायले तर हाकलतील.”

“मग बसायचं. लगेच बसायचं, आय.”

“हां. बसंन. बसायला कोन काय बोलतंय?”

तिने पायांची कैची खरोखर एकदाच केली, म्हशाच्या जत्रेत. देवळाच्या रांगेत आम्ही पुढेमागे उभ्या होतो. बैलबाजाराची धूळ रांगेपर्यंत येत होती. मला मागून तिची जांभई ऐकू आली. वळून बघितलं तर ती उभीच होती, पायावर पाय टाकून, बोटं बोटांत अडकवून ओढत. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. हळूहळू रंग परत आला.

“पाय सोडू नको अजून,” मी म्हटलं.

“नाय सोडत. जत्रेत कोन कोनाचा शेठ?”

तो दिवस मला फार पुरवून वापरावा लागतो आता.

त्या मंगळवारी मी शहापूरला होते. काय झालं ते काशीमावशीने सांगितलं. काशीमावशी आमच्या शेजारची, अण्णांकडे भांडी घासायला जाणारी, आईबरोबर रोज वाडी उतरणारी. कल्याणच्या दवाखान्यात आईला आत नेलं होतं. बाहेर बाकावर काशीमावशी पदर तोंडात धरून सांगत होती. अण्णांच्या नातीला बघायला पाहुणे आलेले. होळी होऊन गेलेली, अंगण तापलेलं. पहाटेच अण्णांचा सांगावा आला, तेव्हापासून आई सारवण, पाणी, भांडी यांतच होती. पाहुणे आले तेव्हा वैनींनी, म्हणजे अण्णांच्या सुनेने, तिला खांबापाशी तांब्या घेऊन उभं केलं. कुणी पाणी मागितलं तर ते पायरीपर्यंत न्यायचं. तिथून घरातली मुलगी घेणार. बोलणी लांबली. आईला जांभया यायला लागल्या. ती खाली बसली.

म्हणजे तिने मी सांगितलं होतं तेच केलं. तेच. हे मी पुन्हा पुन्हा लिहून खोडते आणि परत लिहिते. तिला कळलं होतं. ती वेळेवर बसली होती.

“उभी रहा गो, पाहुणे बघतात.”

दोनदा बसली. दोनदा उठली. घाईत उठली, कारण उठ म्हटल्यावर तिथे सावकाश उठत नसतात.

पडल्यावर काय केलं तर खुर्ची आणली. पाहुण्यांसाठीची लाल प्लॅस्टिकची खुर्ची. त्या घरात ती इतकी वर्षं राबली, तिला तिथे खुर्ची मिळाली ती अशी. आडवं ठेवायचं होतं तेव्हा. डोक्यातून रक्त येणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवलं, दोन्हीकडून धरलं, कुणी कांदा आणला, कुणी चप्पल. काशीमावशी म्हणाली, “तुझी आय खुर्चीत बसत नव्हती गो. सारखी खाली घसरत व्हती.”

कल्याणलाच ती गेली.

गावात दुसरी गोष्ट तयार होत होती. पोलिसांना अण्णांकडून कळलं की बाई चक्कर येऊन पडली. ते खोटंही नव्हतं. चक्कर येऊनच पडली. त्यांनी अपघात म्हणून विषय मिटवला. पाणवठ्यावर म्हणायला लागले, रोगी होती. मग म्हणायला लागले, अण्णांनी कामावर नको येऊ म्हणून सांगितलं होतं, हीच ऐकली नाही.

आमच्याकडे रीत अशी, की वाडीतलं राबणारं माणूस गेलं की दिवस झाल्यावर त्याच्या घरच्यांनी मालकाच्या अंगणात जायचं. मालक ओट्यावरून लुगडं आणि नारळ देतो आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. घरच्यांनी उभं राहून ऐकायचं, लुगडं कपाळाला लावायचं, मागे फिरायचं. झालं. त्या दोन शब्दांत जे येतं ते पुढे गावभर खरं होतं. माझ्या आजोबांबद्दल अण्णांचे वडील म्हणाले होते, माणूस कष्टाळू पण आडमुठा. आजोबांना जाऊन इतकी वर्षं झाली, गावात अजून त्यांना आडमुठाच म्हणतात. काय केलं होतं त्यांनी, ते कुणाला आठवत नाही.

आता अण्णा आईबद्दल बोलणार होते. तिच्या मरणाचं काय ठरणार, ते त्या ओट्यावर ठरणार होतं.

वाडी उतरताना भाऊ म्हणाला, “ताई, तू बोलू नको काय. मला इथंच रायचाय.” तो अण्णांचा ट्रॅक्टर चालवायचा. मी बोलणारी नव्हतेच.

अंगणात ऊन होतं. ओट्यावर अण्णा, त्यांचा मुलगा सुरेशशेठ, गावातली चार माणसं, दारात वैनी. खाली आम्ही. वाडीतली पाच-सात माणसं मागे उभी. काशीमावशी त्यांच्यातच. ती पायरी माझ्यासमोर होती. धुतलेली होती.

अण्णा म्हातारे झालेत. आवाज तोच.

“चांगुणा कामाला चांगली,” ते म्हणाले. “नाव ठेवायला जागा नाय. पन रोगी. चक्करची बाई. त्या दिवशी पन आमी सांगितला, नको येऊ. ऐकली नाय. नशीब तिचं.”

मला जांभई आली.

मग कान दडपले. अण्णांचा आवाज विहिरीत गेला. तळहात गार पडले. मला वाटलं, आता मीही इथेच. याच पायरीवर. आणि मग हे म्हणतील, बघा, लेक पन तसलीच.

मी उजवा पाय डाव्यावरून पलीकडे टाकला. मांड्या आवळल्या. पोटऱ्या आवळल्या. पोट आवळलं. बोटं बोटांत अडकवून ओढली.

ओट्यावरचं बोलणं थांबलं. सुरेशशेठ माझ्या पायांकडे बघत होता.

“पाय सरळ कर,” तो म्हणाला.

मी श्वास कोंडला नाही. सावकाश घेत राहिले.

“ए, कळत नाय का? पायावर पाय टाकून उभी राहते आमच्या दारात? शिकली म्हंजे काय शेठानी झाली?”

मागून भाऊ हळूच म्हणाला, “ताई, पाय.”

मी पाय सरळ केले नाहीत. समोरचा अंधार कडेने मागे सरकायला लागला होता. पायरी दिसली. अण्णांच्या धोतराचा काठ दिसला. चप्पल नाकाला असताना मी जे म्हणाले होते ते शब्द आत्ताही तोंडात तयार होते. सवयीचे. मी ते गिळले.

“अण्णा, तुम्ही तिला येऊ नको म्हणाला नव्हता,” मी म्हणाले. “पहाटे सांगावा धाडून बोलावलंत. चक्कर तिला होती. ती कळली म्हणून ती खाली बसली होती. बसूनच राहिली असती तर पडली नसती. तिला उठवलं.”

“कोनी उठवला?” वैनी दारातून म्हणाल्या. “मी कशाला उठवीन? आपनच उठली ती.”

“काशीमावशी होती तिथे.”

सगळ्यांनी काशीमावशीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मी तिच्यावर रागावले नाही. तिच्या जागी मी मैदानात उभी राहिलेली आहे.

माझे पाय थरथरायला लागले. कैची सुटेल असं वाटलं. अंधार परत कडेने आत येत होता. अंगण भाजत होतं, तिथे आडवं होण्यासारखं नव्हतं. सावली होती ती ओट्यावर. मी विचार केला असं म्हणणार नाही. पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या पायरीवर ठेवला, ओट्यावर गेले, लादीवर पाठ टेकली आणि दोन्ही पाय वर उचलून खांबाला लावले.

लादी गार होती.

मला पहिल्यांदा त्या ओट्याचं छप्पर आतून दिसलं. खालून आम्हाला फक्त त्याची कड दिसते. आत साधी वासे-रिपांची चौकट होती, आमच्याकडे असते तशीच, जास्त जाड लाकडाची. एका वाशाला कोळ्याचं जाळं होतं. बस. इतकं वरचं काही तिथे नव्हतं.

आणि मग आरडाओरडा. “उठ! आधी उठ तिथनं!” “पाय बघा कुटं केलेत!” “अंगात आला काय हिच्या?” सुरेशशेठ माझ्या डोक्याशी येऊन उभा राहिला. हात लावायला त्याला धजवत नव्हतं, की लावायचा नव्हता, मला माहीत नाही.

“उठ म्हणतो ना!”

“उठणार,” मी म्हणाले. कान मोकळे होत होते. माझा आवाज मला नीट ऐकू येत होता. “सावकाश उठणार. घाईत उठवलं की माणूस मरतं. या अंगणात आमच्या घरातलं आता कुणी पडणार नाही.”

अण्णांच्या मांडीवर लुगड्याची घडी होती, तिच्यावर नारळ.

तेव्हा खालून काशीमावशीचा आवाज आला. आडवी असल्यामुळे मला ती दिसत नव्हती. भावाने नंतर सांगितलं की ती होती तिथेच, उन्हात, ओट्यावरच्या सगळ्यांसमोर उकिडवी बसली होती. आणि मग बोलली.

“चांगुणा दोनदा बसली. दोनदा उठवली. मी बघितला.”

तेवढंच. पण बसली ती उठली नाही.

मी पाय खाली घेतले. कुशीवर वळले. बसले. थोडं थांबले. मग उभी राहिले आणि पायऱ्या उतरले. लुगडं घेतलं नाही. भाऊ माझ्या पुढे निघून गेला होता.

हे लिहून झाल्यावर आणखी काही चांगलं लिहायचं राहिलंय असं कुणाला वाटेल. नाही. भावाचा ट्रॅक्टर गेला. तो आता वाशिंदला एका कारखान्यात पाळीवर उभा असतो आणि माझ्याशी कामापुरतं बोलतो. काशीमावशीला अण्णांकडून परत बोलावणं आलं नाही. गावात म्हणतात, चांगुणाची पोर ओट्यावर लोळली, तिच्या अंगात आलं होतं. पण त्याच्याबरोबर दुसरंही म्हणतात. चांगुणाला दोनदा उठवली. म्हणताना आवाज खाली करतात, पण म्हणतात. अण्णांचे दोन शब्द चालले नाहीत.

आमच्या शाळेत प्रार्थनेला मुलं उभी असतात तेव्हा मी ग्रंथालय उघडं टाकून मैदानाच्या कडेला जाऊन थांबते. माझं ते काम नाही. एखादी जांभई देताना दिसली की रांगेत शिरते आणि म्हणते, बस. मुख्याध्यापकांनी एकदा हटकलं, “मॅडम, शिस्त मोडते.” मी म्हटलं, “मोडू दे.”

रविवारी वाडीत जाते. पोरींना समाजमंदिराच्या ओट्यावर बोलावते, वर, पायरीवर नाही. पायांची कैची शिकवते. त्या एकमेकींवर पडतात, हसतात. एक म्हणाली, “अशी उभी रायली तर वैनी वरडतील ना गो?” मी म्हटलं, वरडतील. वरडू दे. कैची सोडायची नाही. आणि बसलीस तर कुणीही उठ म्हटलं तरी उठायचं नाही, पाहुणे असोत, साहेब असोत, देव असो. तू उठायचं ते तुझे कान मोकळे झाल्यावर.

आईचं लुगडं माझ्याकडे आहे, ती त्या दिवशी नेसलेली होती ते. अण्णांची पायरी जागच्या जागी आहे. आई नाही. मी कुणाच्याही अंगणात उभी राहत नाही.